कादंबरीकार मर्ढेकर

मर्ढेकर म्हटले की मराठी वाचकाला कविता आठवते. त्यापलीकडे फार तर सौंदर्यशास्त्र. १९४२ ते १९४८ या काळात त्यांनी तीन छोट्या कादंबऱ्या लिहिल्या, ही वार्ता मराठीच्या पदवी वर्गाबाहेर क्वचितच पोचते.

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशात फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी. सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावावरून ते मर्ढेकर झाले. फर्गसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते आयसीएससाठी लंडनला गेले. ती परीक्षा त्यांना साधली नाही. सरकारी दप्तराची त्यामुळे कितपत हानी झाली कोण जाणे. मराठी साहित्याचा मात्र लाभ झाला. जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी कादंबरीला बाह्य घटनांकडून मनाच्या अंतःप्रवाहाकडे वळविले होते. मर्ढेकर परतले ते हे वारे घेऊनच. काही काळ इंग्रजीचे अध्यापन करून ते नभोवाणीच्या नोकरीत शिरले.

'रात्रीचा दिवस' १९४२ साली आली. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'क्रौंचवध' ही त्याच वर्षीची. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. खांडेकरांच्या वाचकाला ध्येयवाद, प्रेम आणि त्याग हवा होता, व तो त्याला मिळत होता. मर्ढेकरांनी कथानकाचा आधारच काढून घेतला. उरले ते आठवणींचे, भासांचे, अर्धवट विचारांचे तुकडे. अशा मालाला बाजारात उठाव नसतो. पण उठाव नाही म्हणून मूल्य नाही, हा हिशेब साहित्याला लावण्याचे कारण नाही.

पुढे 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) आल्या. तिन्ही सारख्याच साधल्या आहेत असे नव्हे. प्रयोगाची ओढ कित्येकदा पात्रांवर मात करते. मध्यंतरी १९४७ साली 'काही कविता' प्रसिद्ध झाली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. त्या गदारोळात कादंबऱ्या मागे पडल्या. २० मार्च १९५६ रोजी वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांच्या १९७९ व १९८० मधील पहिल्या दोन छोट्या कादंबऱ्या २०१५ साली इंग्रजीतून जगभर पोचल्या, तेव्हा वाचकांनी त्यांत पुढच्या लेखकाच्या खुणा शोधल्या. मर्ढेकरांच्या बाबतीत तो शोध अधिक फलदायी ठरेल. ज्या तुटक, अनपेक्षित प्रतिमासंगतीने 'काही कविता' दुर्बोध ठरली, ती त्यांनी पाच वर्षे आधी गद्यात राबवून पाहिली होती.