जुने डाव वाचायला शिकवणारा आधुनिक खेळाडू

न्यूयॉर्कच्या स्पर्धेत २२ मार्च १९२४ रोजी जगज्जेता होजे राऊल कॅपाब्लांका याने एकतिसाव्या खेळीनंतर डाव सोडला. तब्बल आठ वर्षांनी तो प्रथमच हरला होता. त्याला नमवणाऱ्या रिचर्ड रेटीने डावाच्या आरंभी मधली घरे प्याद्यांनी व्यापलीच नव्हती. घोडा बाहेर काढून आणि बाजूने उंटाचा मारा ठेवून त्याने केंद्रावर दुरूनच अंमल बसवला होता. ही पद्धत आज रेटीच्याच नावाने ओळखली जाते. गंमत अशी, की परंपरेला धक्का देणारा हाच खेळाडू लिहायला बसला, की सुरुवात हमखास जुन्या उस्तादांपासून करी.

रेटीचा जन्म २८ मे १८८९ चा, तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील पेझिनोक या गावचा. वडील लष्करी सेवेतील डॉक्टर, तर थोरला भाऊ रुडॉल्फ पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आला. गणिताच्या शिक्षणासाठी रिचर्ड व्हिएन्नाला गेला आणि पटात गुंतला. पदार्पण मात्र दारुण ठरले. १९०८ च्या व्हिएन्ना स्पर्धेत एकही डाव न जिंकता तो तळाला राहिला.

त्याच्या पिढीचे संस्कार पॉल मॉर्फीच्या डावांचे होते. एकही खेळी वाया न घालवता मोहरी झटपट खेळात आणावीत, हा त्या डावांतून घेतलेला पहिला धडा. या श्रद्धेला तडा गेला तो १९१४ मध्ये. व्हिएन्नात फेन्ड्रिख आणि कॉफमन या जोडीविरुद्ध कॅपाब्लांका व रेटी एका बाजूने, आपसात विचारविनिमय करून खेळत होते. एका क्षणी पडून असलेला हत्ती खेळात आणता येत होता, तोही प्रतिस्पर्ध्यावर हल्ला साधून. मॉर्फीने ही खेळी डोळे मिटून केली असती. कॅपाब्लांकाने मात्र तिचा विचारही केला नाही. त्याने उंटाची खेळी शोधली, विरोधकांच्या प्याद्यांची रचना बिघडवली आणि पुढे तोच दोष त्यांना भोवला. नियमापेक्षा समोरची स्थिती काय मागते हे महत्त्वाचे, ही जाणीव रेटीला त्या दिवशी झाली. दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये कॅपाब्लांकाने जी हार पत्करली, तिचे बीज कदाचित त्यानेच दिलेल्या या धड्यात असावे.

एखाद्याने यानंतर जुने डाव अडगळीत टाकले असते. रेटीने उलटे केले. १९२२ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या, बुद्धिबळातील नव्या विचारांवरील आपल्या पुस्तकात त्याने अँडरसन व मॉर्फीपासून स्टाइनिट्झमार्गे समकालीनांपर्यंतचा प्रवास क्रमाने मांडला. कॅपाब्लांकाबरोबरच्या त्या डावाची हकिकतही त्यात आहे. या मांडणीमागील तर्क शिकाऊ खेळाडूच्या फार उपयोगाचा आहे. जुन्या डावांत बचाव कच्चा असे. त्यामुळे योजना आरंभापासून अखेरपर्यंत उघडी दिसते. आधुनिक डावात दोन्ही बाजू एकमेकांचे बेत आधीच हाणून पाडतात आणि खरी लढाई पटावर न घडलेल्या खेळ्यांत दडून राहते. अँडरसनचे बलिदान ज्याला उमगले नाही, त्याला कॅपाब्लांकाची शांत खेळी का थोर हे कसे कळावे?

रेटीची कीर्ती केवळ स्पर्धांची नव्हे. १९२१ ची त्याची एक रचना चार सोंगट्यांची आहे: दोन राजे, दोन प्यादी. पांढऱ्याचा राजा काळ्याच्या प्याद्याला गाठण्यास हताशपणे दूर; तरी तो तिरका चालत जातो, एकाच वाटेने त्या प्याद्याचा पाठलाग आणि स्वतःच्या प्याद्याची पाठराखण साधतो आणि बरोबरी मिळवतो. १९२५ मध्ये साओ पावलो येथे पट न पाहता त्याने एकाच वेळी २९ डाव खेळून तेव्हाचा विक्रम केला. त्यांतले २१ जिंकले, सहा बरोबरीत सोडवले, दोन गमावले. त्या प्रयोगानंतर स्वारी आपली बॅग तिथेच विसरून निघाली आणि आठवण करून देणाऱ्यापाशी आपल्या दुबळ्या स्मरणशक्तीची कबुली देऊन मोकळी झाली, असे सांगतात.

६ जून १९२९ रोजी प्राग येथे स्कार्लेट फीव्हरने रेटीचे निधन झाले. वय अवघे ४०. पटावरील उस्तादांवरचा त्याचा मोठा ग्रंथ पुढच्या वर्षी, १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचीही सुरुवात अँडरसनपासूनच होते.