सिडनी वाइनबर्ग : पिकदाणीपासून वॉल स्ट्रीटपर्यंत

थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कॅट, जीमॅटच्या गप्पा सुरू होतात आणि कुणीतरी हळूच जाहीर करतं की आपल्याला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय. ज्यांची भावंडं बारावीला आहेत त्यांना तर घरूनच फोन येतो. इंजिनिअरिंग नको, सरळ बिझनेसची पदवी घ्यायची म्हणते, तर कॉलेज कुठलं निवडावं? या चर्चेत गोल्डमन सॅक्सचं नाव निघतंच. पण ही फर्म तब्बल ३९ वर्षं ज्याने चालवली, त्याने कुठलंच कॉलेज निवडलं नव्हतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याचीच ही गोष्ट.

सिडनी वाइनबर्गचा जन्म १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील दारूचे व्यापारी, घरात अकरा मुलं. लहानपणी सिडनी फेरीबोटीच्या धक्क्यावर संध्याकाळची वर्तमानपत्रं विकायचा. तिथल्या मारामाऱ्यांत पाठीवर बसलेल्या चाकूच्या खुणा जन्मभर राहिल्या. शाळा लवकरच सुटली. हातात होतं ते फक्त शिक्षकांचं एक शिफारसपत्र!

१९०७ मध्ये तो नोकरीच्या शोधात वॉल स्ट्रीटजवळच्या एका उंच इमारतीत शिरला. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेक ऑफिसात विचारत खाली आला. एका छोट्या फर्मने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा तिथेच हजर, आणि आपल्याला परत बोलावलंय अशी चक्क थाप मारली. काम मिळालं सफाई कामगाराच्या मदतनीसाचं, पगार आठवड्याला ३ डॉलर. भागीदारांच्या हॅट ब्रशने साफ करायच्या, बुटांवरचा चिखल पुसायचा, पिकदाण्या रिकाम्या करायच्या. ती फर्म म्हणजे गोल्डमन सॅक्स!

एकदा त्याला एक झेंड्याची काठी पॉल सॅक्स या भागीदाराच्या घरी पोचवायला सांगितलं. ती लांबलचक काठी घेऊन तो ट्रॉलीतून गेला. दार स्वतः सॅक्स यांनी उघडलं, आणि पोराची हुशारी त्यांच्या नजरेत भरली. पुढे त्याला टपाल विभागात घेतलं, तर त्याने तो सगळा विभाग नव्याने लावून दिला. मग सॅक्स यांनी त्याला ब्रुकलिनमधल्या ब्राउन्स बिझनेस कॉलेजात धाडलं. कशासाठी? अक्षर सुधारण्यासाठी! कॉम्प्युटर नसलेल्या त्या काळात हिशेबाच्या वह्या आणि पत्रं हातानेच लिहिली जात. ज्याचं अक्षर वाचता येत नाही त्याला टेबलाशी बसवणार कोण? म्हणजे त्या कॉलेजने त्याला फर्मला नेमकं हवं असलेलं एक कौशल्य दिलं.

१९२५ मध्ये फर्मने त्यांच्यासाठी न्यूयॉर्क शेअर बाजारात जागा विकत घेतली. १९२७ मध्ये वाइनबर्ग भागीदार झाले. त्या वेळी फर्मची सूत्रं वॅडिल कॅचिंग्ज या हार्वर्डच्या पदवीधराकडे होती. त्यांच्या पुढाकाराने १९२८ च्या डिसेंबरात गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची गुंतवणूक कंपनी निघाली. तिचा शेअर लोकांनी १०४ डॉलरला घेतला. १९२९ ची मंदी कोसळली आणि पुढे तो पावणेदोन डॉलरवर आला! फर्मची अब्रू धुळीला मिळाली. १९३० मध्ये वाइनबर्ग प्रमुख झाले, आणि गेलेला विश्वास परत मिळवणं हेच पुढची कित्येक वर्षं त्यांचं मुख्य काम होऊन बसलं. हळूहळू मोठमोठ्या कंपन्या त्यांना संचालक म्हणून बोलवू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सरकारच्या युद्ध उत्पादन मंडळातही काम केलं.

पदवीचा तोरा मिरवणाऱ्यांची त्यांना भारी गंमत वाटे. अमेरिकेत हुशार पदवीधरांना फाय बीटा कॅपा या मानाच्या संस्थेची सोन्याची किल्ली मिळते. वाइनबर्ग अशा किल्ल्या गहाणवटीच्या दुकानांतून विकत आणायचे आणि कुणी फारच शहाणपणा दाखवला की त्याला एखादी देऊन टाकायचे!

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, पदवीची कटकटच नको. थांबा, खरी गंमत पुढे आहे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे फोर्ड मोटर कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकणं. कंपनीची बहुतेक मालकी फोर्ड फाउंडेशनकडे, पण मतदानाचा हक्क फक्त फोर्ड कुटुंबाकडे. फाउंडेशनला पैसा मोकळा करायचा होता आणि कुटुंबाला ताबा सोडायचा नव्हता. हा गुंता सोडवायला जवळपास दोन वर्षं लागली. जानेवारी १९५६ मध्ये १ कोटी २ लाख शेअर ६४.५० डॉलरला विकले गेले, म्हणजे सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर! हेन्री फोर्ड दुसरे यांचा विश्वास वाइनबर्ग यांनी कमावलेला होता, पण वेगवेगळ्या योजनांची आकडेमोड करायला त्यांच्या हाताशी होता जॉन व्हाइटहेड हा तरुण. तो १९४७ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून फर्ममध्ये आलेला. इतकंच काय, वाइनबर्ग यांचा मुलगा जॉनही प्रिन्स्टन आणि मग हार्वर्ड बिझनेस स्कूल करूनच १९५० मध्ये फर्ममध्ये आला. १९६९ मध्ये सिडनी वाइनबर्ग वारले. १९७६ मध्ये हेच दोन जॉन मिळून फर्मचे प्रमुख झाले.

म्हणजे बघा, १९०७ मध्ये उघडलेलं ते दार पन्नास वर्षांत वेगळ्या जागी गेलं होतं. आज मजल्यामजल्यावर फिरून विचारलं तर सिक्युरिटी गेटवरच अडवेल. मोठ्या बँका ठरावीक कॅम्पसवर येतात आणि इंटर्नशिपमधूनच बरीच पोरं उचलतात. तेव्हा कॉलेज निवडताना तीन गोष्टी विचारा. तिथे नोकरी द्यायला खरोखर कोण येतं, आणि इंटर्नशिपला कोण घेतं? हे ब्रोशरवर न जाता गेल्या दोन-तीन बॅचच्या सीनियर्सना विचारा. दुसरं, अकाउंटिंग, कंपनीचं मूल्यांकन, कायदा आणि नीट लिहिणं हे तिथे पक्कं करून घेतात का? आजचं 'सुंदर अक्षर' म्हणजे हेच. आणि तिसरं, त्या फीसाठी काढलेलं कर्ज, बँकेऐवजी साधी नोकरी लागली तरी फेडता येईल का?

या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर कॉलेजचं नाव थोडं कमी गाजलेलं असलं तरी चालेल. दार उघडून देणं एवढंच कॉलेजच्या हातात असतं. वाइनबर्ग यांना तेवढंही कुणी दिलं नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आपल्यातल्या किती जणांची पहिल्या नकारानंतर पुन्हा जायची तयारी आहे?