शहराचे वैद्य : पॅट्रिक गेडिस

हल्ली शहरात नवी इमारत उभी राहू लागली की तिच्या जाहिरातीत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास वाचायला मिळतो. छपरावर सौर ऊर्जेची सोय, पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याची व्यवस्था, भरपूर हवा आणि उजेड. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण शहरातली बहुतेक माणसे अशा नव्या इमारतीत राहत नाहीत. ती जुन्या घरांत आणि अरुंद गल्ल्यांत राहतात. ही घरे निरोगी कशी करायची? आणि तेही कोणाला घराबाहेर न काढता? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या एका माणसाची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. तारीख तुम्हांला ओळखीची वाटली असेल. पंधरा वर्षांनी याच तारखेला पोरबंदरला महात्मा गांधींचा जन्म झाला. गेडिस यांचे वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर एका छोट्या घरात राहायला गेले. घराभोवती बाग होती. वडील मुलाला बोट धरून रानात हिंडवीत. कोणत्या मातीत काय उगवते, पक्षी घरटे कोठे बांधतो, हे मुलगा पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहत होता.

पुढे जीवशास्त्र शिकण्यासाठी ते लंडनला गेले. टी. एच. हक्सले हे त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. मात्र गेडिस यांनी पदवीची परीक्षा कधी दिलीच नाही. पदवी नसलेला हा माणूस पुढे दोन ठिकाणी प्राध्यापक झाला! (तुम्ही मात्र त्यांचे हे अनुकरण करू नका.)

१८७९ साली अभ्यासासाठी ते मेक्सिको देशात गेले आणि तेथे आजारी पडले. दृष्टी जाण्याची वेळ आली. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. ज्याचे सारे शिक्षण पाहण्यातून झाले त्या तरुणाला काहीच दिसत नव्हते. तो खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवी आणि एकेका चौकटीत मनातला एकेक विचार मांडून ठेवी. दृष्टी परत आली, पण चौकटी आखून विचार करण्याची सवय जन्मभर टिकली. रोपाचा अभ्यास करायचा तर त्याची माती, पाणी आणि ऊन यांचाही अभ्यास हवा. मग माणसाचा विचार त्याच्या घराला, गल्लीला आणि शहराला सोडून कसा करता येईल? वनस्पतींचा हा अभ्यासक शहरांकडे वळला तो असा.

१८८६ साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. आता या जोडप्याने काय केले ते पाहा. एडिनबरो शहरात श्रीमंतांची नवी वस्ती होती. तेथे घर घेणे प्राध्यापकाला शोभले असते. पण १८८७ साली ही दोघे जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात राहायला गेली. तेथे उंच उंच जुन्या इमारती होत्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब दाटीने राहत होते. जिने अंधारे होते, घाणीचा वास येत होता. अशा वस्तीतल्या लोकांना स्वच्छतेवर व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात. गेडिस पतिपत्नींनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी हातात चुन्याची बादली आणि कुंचला घेतला. आपल्या खोल्या साफ केल्या, भिंतींना रंगसफेदी केली, खिडक्यांत फुलझाडे लावली. मग शेजारी येऊ लागले. जिना सगळ्यांचा, म्हणून तो सगळ्यांनी मिळून साफ केला. हळूहळू शेजारच्या इमारतींचीही दुरुस्ती सुरू झाली. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली आणि गरिबांच्या वस्तीत शिकलेली माणसेही राहू लागली.

या कामात गेडिस यांच्यावर मोठे कर्ज झाले. पैशाचा हिशेब ठेवणे त्यांना कधीच जमले नाही. शेवटी १८९६ साली त्यांच्या मित्रांनी एक मंडळी स्थापन करून या इमारतींचा भार उचलला. आपल्याकडेही असे लोक असतात. काम उत्तम करतात, पण मागे कोणी हिशेब पाहणारा लागतो.

१८९२ साली त्यांनी एडिनबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा ताब्यात घेतला. मनोऱ्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली होती. तिच्यात आरसा आणि भिंगे अशा रीतीने बसवली होती की बाहेरच्या शहराचे चालते-बोलते चित्र खोलीतल्या पांढऱ्या मेजावर उमटे. लोक आधी वर जाऊन आपले शहर पाहत. मग खाली उतरताना एका मजल्यावर एडिनबरोची माहिती, त्याखाली स्कॉटलंडची, त्याखाली युरोपची आणि अगदी तळाशी साऱ्या जगाची. म्हणजे आपल्या दारापासून सुरुवात करून जगापर्यंत पोहोचायचे. शिक्षक या नात्याने मला ही मांडणी फार आवडते. आपण मुलांना बहुधा उलट्या क्रमाने भूगोल शिकवतो.

या मनोऱ्यातल्या मंडळींनी एक साधे पण मोलाचे काम केले. जुन्या शहरात पायी फिरून त्यांनी ओसाड पडलेल्या जागांची नोंद केली. दाट वस्तीच्या त्या भागात अशा ७६ जागा सापडल्या. सगळ्या मिळून सुमारे १० एकर जमीन! कचऱ्याच्या ढिगाखाली ती कोणाला दिसतच नव्हती. त्यांतील काही जागांवर गेडिस यांची मुलगी नोरा हिने बागा आखल्या. वस्तीतल्या मुलांनी तेथे हातात फावडे घेतले.

शहर कसे वाढते हे लोकांना समजावे म्हणून गेडिस यांनी नकाशे आणि चित्रे यांचे एक मोठे प्रदर्शन तयार केले. १९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरांच्या आमंत्रणावरून ते भारताकडे निघाले. ते स्वतः सुखरूप पोहोचले. प्रदर्शनाचे सामान मात्र दुसऱ्या जहाजावर होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. एमडेन नावाच्या जर्मन लढाऊ जहाजाने सामानाचे ते जहाज बुडवले. अनेक वर्षांचे श्रम समुद्राच्या तळाशी गेले. पण हातपाय गाळून बसणे गेडिस यांना माहीत नव्हते. मित्रांच्या मदतीने नवे नकाशे, नवी चित्रे जमवली गेली आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेही.

त्या काळी भारतातील शहरांत प्लेगची दहशत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली तेथे शहर सुधारणेसाठी एक सरकारी ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पाडायची आणि तिच्यामधून रुंद, सरळ रस्ता काढायचा, असा उपाय त्या वेळी अनेक शहरांत केला जाई. रस्ता छान होई. पण ज्यांची घरे पाडली ते गरीब लोक कोठे जात? ते शेजारच्या वस्तीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरत. दाटी कमी होण्याऐवजी वाढे.

गेडिस यांनी या पद्धतीला स्पष्ट विरोध केला. रोगी माणसाचा हात दुखतो म्हणून चांगला वैद्य हात तोडत नाही. तो दुखरी जागा शोधतो आणि तेवढीच कापतो. शहराचेही तसेच करावे, असे त्यांचे मत होते. ते हातात नकाशा घेऊन पहाटेपासून गल्लीबोळांत हिंडत. कोणते घर पडीक आहे, कोठे मोकळी जागा आहे, कोणती विहीर बुजली आहे, हे टिपून घेत. मग पडके घर तेवढे काढायचे, दोन मोकळ्या जागा जोडून छोटा चौक करायचा, तेथे सावलीचे झाड लावायचे, विहीर उपसायची. रस्ता थोडा वळला तरी चालेल, पण राहते घर वाचले पाहिजे. यात खर्चही कमी येई आणि लोक बेघर होत नसत.

आपल्या जुन्या घरांची रचना त्यांना शहाणपणाची वाटे. मधले अंगण, ज्याला आपण उर्दूत सहन म्हणतो, हे घराचे फुप्फुस आहे. तेथून हवा आणि उजेड आत येतो. ओटा, ओसरी, झाडाची सावली यांना त्यांनी मान दिला. डास होतात म्हणून तलाव बुजवण्याची घाई त्यांना पसंत नव्हती. तलाव हवा थंड ठेवतो, आणि डासांच्या अळ्या खायला त्यात मासे सोडता येतात. नळ आले तरी विहिरी आणि तलाव राखा, कारण नळ कधीतरी बंद पडणारच. सांडपाणी आणि घाण नदीत न सोडता तिचे खत करून बागांना द्या, असेही त्यांनी सुचवले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे सल्ले आहेत! मद्रास, मदुराई, लखनौ, बडोदा, लाहोर, ठाणे अशा कितीतरी शहरांसाठी त्यांनी काम केले. सगळ्याच ठिकाणी त्यांचे ऐकले गेले असे नाही. अनेक अहवाल कपाटातच राहिले.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार दुःखाचे ठरले. एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा ॲलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई भारतात आजारी होत्या. हा आघात त्यांना सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी बातमी मनातच ठेवली. मुलगा गेल्याचे न कळताच जून महिन्यात त्या कलकत्त्याला वारल्या.

या दुःखानंतर ते कामात बुडून गेले. त्याच सुमारास ते इंदूर संस्थानात होळकरांच्या राजधानीचा आराखडा करत होते. शहरात प्लेग होता. हा दाढीवाला गोरा म्हातारा नकाशा घेऊन फिरताना दिसला की लोक भिऊन बाजूला होत. हाच प्लेग आणतो, हाच घरे पाडतो, अशी कुजबुज चाले. लोकांचा दोष नव्हता. मापे घेणारा साहेब आला की घर जाते, हेच त्यांनी पाहिले होते.

गेडिस यांनी एक युक्ती काढली. त्यांनी दरबाराकडून एका दिवसापुरता कारभार मागून घेतला. दिवाळीची मोठी मिरवणूक काढायची, पण तिचा नेहमीचा मार्ग बदलायचा, असे त्यांनी जाहीर केले. ज्या रस्त्यांवर घरांची सर्वांत जास्त साफसफाई, दुरुस्ती आणि रंगसफेदी होईल, तेथूनच मिरवणूक जाणार! झाले, साऱ्या शहरात चढाओढ लागली. आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कोणाला वाटणार नाही? घरांतला आणि अंगणांतला वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर निघाला. गेडिस यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा वाहून नेला गेला. उंदीर तर किती पकडले याची गणती नाही.

मग दिवाळीची ती मिरवणूक निघाली. हत्ती, उंट, घोडे होतेच. पण कचऱ्याचा एक अक्राळविक्राळ राक्षस होता आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता. उंदराच्या अंगावर थरथरणाऱ्या पिसवा लावल्या होत्या, कारण प्लेग पसरतो तो त्या पिसवांमुळे. शाळेत न गेलेल्या माणसालाही हा धडा एका नजरेत समजला असेल. त्यामागून सफाई कामगार आले. त्यांचे कपडे नवे, पांढरेशुभ्र. झाडूंना फुलांच्या माळा. कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगेही रंगवलेली. ज्यांची सावलीही लोक टाळत, ते आज मिरवणुकीचे मानकरी होते. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट हीच. शेवटी नव्या, हवेशीर घरांचे नमुने आले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री राक्षस आणि उंदीर यांची होळी झाली. त्यानंतर प्लेग ओसरला. ऋतू बदलल्याचाही त्यात वाटा होता. पण गेडिस यांच्याकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली, हे नक्की.

१९१८ साली त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांचे बोलणे पुटपुटल्यासारखे असे आणि एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उडी मारी. विद्यार्थ्यांची त्रेधा उडे. तरीही मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या वर्गात तयार झाले आणि पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे इंग्रजी चरित्र गेडिस यांनी १९२० साली लिहिले. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते. उच्च शिक्षण उर्दूतून देणाऱ्या या विद्यापीठाच्या जागेबाबतही त्यांचा सल्ला घेण्यात आला.

प्रकृती बिघडल्यामुळे १९२४ साली ते भारत सोडून फ्रान्समधील माँपेलिए शहरी गेले. वय सत्तर. तेथे त्यांनी एका खडकाळ, उजाड टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी निवासी विद्यालय उभारले आणि दगड रचून बाग फुलवली. १९३२ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. त्याच वर्षी १७ एप्रिलला, त्या टेकडीवरच, त्यांचे निधन झाले. एडिनबरोतला त्यांचा मनोरा आजही पाहता येतो. आणि नोराने आखलेल्या बागांपैकी वेस्ट पोर्ट भागातली एक बाग जुन्या इमारतींच्या मधोमध अजून हिरवी आहे.