वाफेचा मक्तेदार

हळदीच्या पेटंटवरून आपल्याकडे वादळ उठले आणि १९९७ मध्ये ते अमेरिकी पेटंट रद्द झाले. तेव्हापासून पेटंट हा शब्द मराठी माणूस थोडा संशयानेच उच्चारतो. पेटंट म्हणजे लूट, हे एक टोक. पेटंटशिवाय शोधच लागणार नाहीत, हे दुसरे. या वादात मला नेहमी जेम्स वॅट आठवतो. किटलीच्या झाकणाकडे टक लावून बसलेला गोष्टीतला मुलगा नव्हे. कर्जाने गांजलेला, पुढे कोर्टकज्जे करणारा आणि शेवटी धनवान झालेला वॅट.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी १७३६ मध्ये त्याचा जन्म झाला. ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणे बनवी व दुरुस्त करी. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. हे इंजिन कोळसा वारेमाप खाई, कारण प्रत्येक फेरीला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा. १७६५ मध्ये वॅटला उपाय सुचला. वाफ थंड करायला निराळे भांडे ठेवायचे आणि सिलिंडर गरमच राहू द्यायचा. कल्पना एवढीच, पण ती लोखंडात उतरायला दहा वर्षे लागली. भागीदार जॉन रोबक याने त्याचे देणे फेडले आणि १७६९ मध्ये पेटंट मिळाले. १७७३ मध्ये खुद्द रोबकचेच दिवाळे निघाले. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडत होता.

मग बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन आला. पेटंटची मुदत तेव्हा चौदा वर्षे. त्यातली सहा वाया गेलेली. १७७५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ती १८०० पर्यंत वाढवली. एवढे संरक्षण नसते, तर बोल्टनने पैसा ओतला असता असे मला वाटत नाही. इथपर्यंत पेटंटची बाजू भक्कम आहे.

पुढची हकीकत मात्र वेगळी आहे. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅट-बोल्टन घेत. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींजवळ कोळसाच नव्हता. त्या खाणमालकांना हा हिस्सा बोचू लागला. एडवर्ड बुल, जोनाथन हॉर्नब्लोअर यांनी आपापली इंजिने काढली आणि ते कोर्टात खेचले गेले. पेटंटच्या कागदात एकही आकृती नाही, मग समाजाला शिकवले काय, असा प्रतिपक्षाचा सवाल होता. तो मला आजही बिनतोड वाटतो. कारण पेटंट हा सौदा आहे : ज्ञान उघड करा आणि काही वर्षे मक्ता घ्या. निकाल मात्र १७९९ मध्ये वॅटच्या बाजूने लागला.

गंमत म्हणजे वॅटलाही हा काच सोसावा लागला. चाक फिरवायची साधी भुजा जेम्स पिकार्डने १७८० मध्ये पेटंट केली, तेव्हा वॅटला दातेरी चाकांची निराळी रचना योजावी लागली. अडवणुकीतून नवी युक्ती निघते, हेही खरे.

जास्त दाबाची वाफ वॅटला धोक्याची वाटे. १८०० मध्ये मक्ता संपला. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन वेल्समध्ये रुळांवर धावले. १८११ पासून कॉर्नवॉलच्या खाणी आपापल्या इंजिनांची कामगिरी दरमहा छापून जाहीर करू लागल्या आणि कोळशाची बचत वाढत गेली. सगळा दोष पेटंटला देणे न्यायाचे नाही; दाब सोसणारे बॉयलर बनवणे हेही अवघड काम होते. तरी पहिली सहा-आठ वर्षे ज्या कुंपणाने रोप जगवले, त्यानेच पुढे शेजारच्या शेतावर सावली धरली, असे मला दिसते.

१८१९ मध्ये वॅट वारला. भारतात आज पेटंटची मुदत वीस वर्षे आहे. पेटंट हवे की नको, यापेक्षा ते किती काळ असावे आणि त्या मोबदल्यात समाजाच्या हाती काय पडते, हे आपण विचारले पाहिजे.