दह्याची वाटी आणि यकृत

प्रोबायोटिकचा विषय निघाला की एली मेचनिकॉफ हे नाव येतंच. १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळ त्यांचा जन्म झाला. प्राणिशास्त्र शिकून ते ओडेसाला शिकवू लागले. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली. त्या धक्क्याने त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, पण ते बचावले.

१८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती पेशींचा घोळका जमला होता. शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टींना गिळणाऱ्या या भक्षक पेशी. या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत मिळालं. अशाच पेशी आपल्या यकृतातही असतात आणि आतड्यातून आलेले जिवाणू टिपतात.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्न कुजवतात, ते विष रक्तात जातं आणि म्हातारपण लवकर येतं, असं त्यांचं मत बनलं. बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आहारात दही असे. तिथल्या विरजणातला जिवाणू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी शोधला. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबवलेलं दूध घेऊ लागले. त्यांचं मत पुराव्याच्या पुढे धावलं. लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी तर रुग्णांची मोठी आतडी काढली; त्यात काही दगावले. हा बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही, हेही पुढे कळलं. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, मेचनिकॉफ हृदयविकाराने गेले.

तरीही त्यांच्या विचाराची दिशा चुकीची नव्हती. यकृताला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्यांकडून येतं. जिवाणूंनी तयार केलेला अमोनिया निरोगी यकृत निकामी करतं. सिरोसिसमध्ये ते जमत नाही. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो, कधी बेशुद्ध होतो. १९६० च्या दशकापासून यावर लॅक्ट्युलोज वापरतात. आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो.

हे नुसतं पोट साफ होण्याचं औषध समजून, दोन-तीनदा शौचाला झालं की घरचे बंद करतात आणि रुग्ण पुन्हा भ्रमिष्ट होऊन वॉर्डात येतो. खरं तर दिवसातून दोन-तीनदा सैल शौचाला होणं हेच अपेक्षित असतं. त्याहून जास्त जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी.

प्रोबायोटिकचे यकृतविकारातले काही निष्कर्ष आशादायक आहेत. पण महागड्या कॅप्सूल म्हणजे या औषधाला किंवा दारू सोडण्याला पर्याय नव्हे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बाकी निरोगी माणसाने जेवणात वाटीभर दही जरूर खावं.