वालचंद हिराचंद : ट्रक जोडायचा की बनवायचा?

गेल्या दिवाळीत मी आणि मामांनी मिळून बनवलेल्या ट्रकचा गिअरबॉक्स पाचव्या मिनिटाला गेला. ट्रक म्हणजे मॉडेल, पण शोकेसमध्ये ठेवायचं नाही, वर बसून चालवायचं. जुन्या फार्गोची एकास चार प्रतिकृती, लांबी साधारण दीड मीटर, खाली 24 व्होल्टची मोटर. मामांचा नातू वर बसला, अंगणातून गाडी बाहेर आली, कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि आतून दाणे भरडल्यासारखा आवाज आला. उघडून बघितलं तर छोट्या गिअरचे तीन दाते साफ. गिअर पितळेचे होते. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, पितळ सहज मिळतं आणि लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून आम्ही तेच वापरलं होतं.

फार्गोच का, तर माझे आजोबा नागपूर-रायपूर रस्त्यावर फार्गो चालवायचे. आणि फार्गो ही अमेरिकन नावाची गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची, हे मला या मॉडेलच्या निमित्ताने कळलं. त्या कारखान्यामागचा माणूस सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद. रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील, वालचंदनगरचं नाव ऐकलं असेल, सांगलीच्या वालचंद कॉलेजात तुमचा एखादा मित्र शिकला असेल. हे सगळे तेच वालचंद. त्यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी जहाज, विमान आणि मोटार अशी तीन कामं एका ओळीत उरकतात. मला त्यातलं मोटारीचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या तुटलेल्या गिअरचा आणि त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांबलेल्या भांडणाचा मुद्दा एकच आहे. गाडी जोडणं वेगळं, बनवणं वेगळं.

वालचंदांचा जन्म 1882 सालचा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन, व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. ते शिकायला मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात होते, पण पदवी पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसायचा त्यांना कंटाळा होता. ज्वारीच्या व्यापारात हात घातला, त्यात नुकसान झालं. मग लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून झाली. पुढे बोरघाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन इथपर्यंत मजल गेली. म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता. पण खडी, सिमेंट, मजूर, मुदत आणि दंड ही भाषा त्याला पक्की येत होती.

जहाजाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विक्रीला होतं. ते घेऊन वालचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला जेरीस आणलं, तरी कंपनी टिकली. वीसेक वर्षांनी वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाज बांधायचा कारखाना सुरू केला. 1941 मध्ये पायाभरणी झाली आणि 1948 मध्ये जलउषा हे जहाज तिथून पाण्यात उतरलं. आधी विकत घ्यायचं, चालवून बघायचं आणि मग स्वतः बनवायचं, हा त्यांचा क्रम इथे दिसतो. मोटारीच्या बाबतीत त्यांना तसं जमू दिलं गेलं नाही.

तेव्हाची परिस्थिती बघा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना टाकला होता. फोर्डही भारतात होती. पण दोघांचं काम एकच: परदेशातून लाकडी खोक्यांमधून सुटे भाग आणायचे आणि इथे बोल्ट आवळायचे. इंजिन तिकडचं, गिअरबॉक्स तिकडचा, अॅक्सल तिकडचा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात अमेरिका आणि युरोपातले कारखाने बघून पूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना तयार केली. वालचंद त्या योजनेशी जोडले गेले. मुंबई प्रांतात 1937 ला बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, त्यांनी मदतीची तयारी दाखवली. मग 1939 ला युद्ध सुरू झालं, काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि पाठिंबा गेला.

त्याच वर्षी वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. भारतासारख्या साम्राज्यातल्या बाजाराचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते, आणि तिला इथे नवा कारखाना उभा करून काय मिळणार होतं? खोकी पाठवून धंदा छान चालू होता. क्रायस्लर मात्र तयार झाली आणि 1940 मध्ये करार झाला. डॉज, डिसोटो, फार्गो ही सगळी क्रायस्लरची नावं. ट्रकच्या बाबतीत तर बरेचदा फक्त नाकावरची पाटी बदलायची. या प्रवासातली गंमत अशी, की परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या विमानवाल्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली तेव्हा चीनमध्ये विमानांचं काम करत होते. त्या ओळखीतून 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजची एचएएल. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला, आणि मोटारीचा करार मात्र कागदावर पडून राहिला.

का पडून राहिला? कारण दिल्लीच्या ब्रिटिश सरकारला तो नको होता. यंत्रं आणायला परवाना हवा, डॉलर हवेत, लष्कराकडून खरेदीची हमी हवी. सरकारचं म्हणणं पडलं की असा कारखाना युद्धाच्या कामाला लगेच उपयोगी नाही. त्याच काळात कॅनडात बनलेले हजारो लष्करी ट्रक बोटींनी इथे येत होते आणि इथे जोडले जात होते. विमानाच्या कारखान्याला युद्धामुळे परवानगी मिळाली, मोटारीच्या कारखान्याला युद्धामुळेच नाकारली. 1942 मध्ये सरकारने विमानाचा कारखानाही ताब्यात घेतला.

आता प्रश्न असा, की जोडणं आणि बनवणं यात एवढा काय फरक आहे? इथे मला गिअरबॉक्सच उघडावा लागेल.

ट्रकचं इंजिन ठरावीक वेगातच नीट ताकद देतं. समजा ते मिनिटाला 2000 फेरे घेतंय आणि पहिल्या गिअरचं प्रमाण 6 ला 1 आहे. मग मागच्या शाफ्टचे फेरे होतात 333 आणि पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, साधारण सहापट. भरलेला ट्रक चढावर हलतो तो यामुळे. पण हा सहापट टॉर्क एका वेळी फक्त एक-दोन दात्यांवरून जातो. शिवाय त्या पिढीच्या ट्रकांमध्ये सिंक्रोमेश नसायचं, निदान खालच्या गिअरना तरी. आजच्या गाडीत दोन चाकांचे वेग जुळवायला मध्ये एक छोटा ब्रेकसारखा कोन असतो. तेव्हा ते काम ड्रायव्हरच्या पायाचं आणि कानाचं होतं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. याला डबल क्लच म्हणतात. चुकलं की दाते एकमेकांवर आपटतात. म्हणजे गिअरच्या दात्याला पिळही सोसायचा आणि ड्रायव्हरच्या चुकाही.

असा दाता बाहेरून काचेसारखा कडक लागतो, नाहीतर झिजतो. पण आतून चिवट लागतो, नाहीतर धक्क्याने तुटतो. त्यासाठी आधी योग्य मिश्रधातूचं पोलाद हवं, मग हॉबिंग मशीनवर दाते कापायचे, मग भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवून तेलात विझवायचं. या तापण्या-निवण्यात गिअर किंचित वाकडा होतो, म्हणून शेवटी तो घासून मापात आणायचा. म्हणजे पोलाद, मशीन, भट्टी, मोजमाप या चारही गोष्टी देशात असल्या तर गिअर बनतो. बोल्ट आवळायला यातलं काहीच लागत नाही. युद्धात बोटी बंद पडल्या आणि एक गिअर तुटला, तर जोडणाऱ्याचा ट्रक उभा. बनवणाऱ्याचा दोन दिवसांत रस्त्यावर.

वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. 1947 मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्यांनीही खोकीच उघडली, हे सांगायला पाहिजे. अमेरिकेतून भाग यायचे आणि कुर्ल्यात जोडले जायचे. ज्यांच्याशी भांडले, त्यांच्यासारखंच काम आधी करावं लागलं. पण 1949 च्या सुमारास काही भाग इथे बनवायला सुरुवात झाली. मला वाटतं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात कमी दिखाऊ टप्पा असेल. जहाज पाण्यात उतरतं तेव्हा फोटो निघतात, पहिला देशी सुटा भाग बनतो तेव्हा कोण फोटो काढणार?

नेमकं त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये ते कारभारातून बाजूला झाले, भावांनी आणि घरच्यांनी कंपन्या सांभाळल्या. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत शुश्रूषेला होत्या. 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. वय 70.

त्याच 1953 मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे इथे गाडी बनवण्याचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसतं जोडणाऱ्यांनी आवरतं घ्यावं, असा त्याचा रोख होता. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे वालचंद गेले होते, त्यातले दोघे गेले आणि कुर्ला राहिलं. हे बघायला ते नव्हते.

अर्थात कुर्ल्याची पुढची गोष्ट सरळ नाही. 1954 ला टाटांनी डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक सुरू केले, मद्रासला अशोक लेलँड आलं, आणि डिझेल ट्रकचा बाजार हळूहळू त्या दोघांकडे गेला. प्रीमियरचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते फियाटच्या करारातून आलेल्या गाड्यांमुळे, पद्मिनी टॅक्सीमुळे. फार्गो आणि डॉज आमच्यासारख्या भागात मात्र बरीच वर्षं दिसायचे. आजोबांचा उजवा गुडघा शेवटी शेवटी चालताना दुखायचा आणि डावा त्याहून जास्त. दोष ते क्लचला द्यायचे.

आता भंडाऱ्याकडे येतो. आमच्या जिल्ह्यात गडेगावला, हायवेला लागूनच, अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे आणि त्याचं मुख्य काम गिअरबॉक्स बनवणं हे आहे. वरठीला सनफ्लॅगचं पोलाद बनतं, वाहनांच्या भागांना लागणारं मिश्रधातूचं. म्हणजे वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी बहुतेक इथे चाळीस किलोमीटरच्या आत आहेत. शाळेत जाताना मी त्या फाटकावरून शेकडो वेळा गेलोय. आत काय चालतं, याचा विचार मॉडेलचे दाते तुटेपर्यंत केला नव्हता.

मॉडेलचं पुढे काय झालं? आमच्या गिअरबॉक्सला तीन जोड्या आहेत: 15 आणि 45 दाते, 20 आणि 40, 30 आणि 30. प्रत्येक जोडीची बेरीज 60, त्यामुळे दोन शाफ्टमधलं अंतर सगळीकडे सारखं, 45 मिलिमीटर. प्रमाण 3, 2 आणि 1. हिशेब बरोबरच होता. चुकलं ते दुसरीकडे. एकास चार केलं की वजन 64 पट कमी होतं आणि दात्याचा छेद फक्त 16 पट, म्हणजे मॉडेल खरं तर जास्त मजबूत निघायला हवं. आठ टनांचा भरलेला ट्रक या हिशेबाने 125 किलोचा. आमचं मॉडेल आणि पोरगा मिळून 85 किलो. मग तुटलं कसं? पितळ मऊ, हे एक. आणि मोटर सुरू होताना जो झटका देते तो कुठल्याच स्केलमध्ये बसत नाही, हे दुसरं.

नवे गिअर पोलादाचे केले, नागपूरला हॉबिंग करून घेतले आणि भट्टीतून काढले. पहिली जोडी भट्टीत इतकी वाकली की शाफ्टवर फिरेचना, ती पुन्हा करावी लागली. मामांनी मोटरला वेग हळूहळू वाढवणारा कंट्रोलर लावला. आता पुलाचा चढ पहिल्या गिअरमध्ये चढतो. दुसऱ्या गिअरला अजून आवाज आहे, तो घासून काढायचाय. नाकावर पाटी फार्गोचीच लावलीय, आणि खाली मामांनी रंगाने बारीक अक्षरात कुर्ला लिहिलंय.