जैन धर्माचे विश्वदूत : श्री. वीरचंद राघवजी गांधी

परमुलखात निघालेला माणूस पेटीत कपडे, पैसे आणि ओळखपत्रे भरतो. त्याची संस्कृती मात्र न भरताच त्याच्यासोबत निघते. तो काय खातो, काय वर्ज्य मानतो, वडीलधाऱ्यांशी कसा वागतो, दिलेला शब्द कसा पाळतो आणि मतभेद झाला की कोणत्या सुरात बोलतो, या साऱ्यांतून ती प्रकट होत असते. पलीकडच्या माणसाचीही अशीच एक संस्कृती असते. दोहोंची गाठ पडते तेव्हा व्यवहार जुळतो किंवा फिसकटतो. पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला हा अनुभव नित्याचा आहे. हीच परीक्षा धर्माच्या, न्यायाच्या आणि व्यापाराच्या क्षेत्रांत देऊन उत्तीर्ण झालेल्या एका थोर जैन सुपुत्राचे स्मरण, आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, या लेखात करावयाचे आहे. ते म्हणजे श्री. वीरचंद राघवजी गांधी.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा या गावी झाला. घराणे जैन, व्यापारी आणि प्रतिष्ठित. प्राथमिक शिक्षणानंतर ते भावनगरला शिकले व १८८० मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी १८८४ मध्ये बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी व्यापारी घरातील मुलाने हिशेबापुरते शिकावे आणि दुकानाची गादी सांभाळावी, असाच प्रघात होता. आपल्या समाजातील पदवीधर तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच होते. म्हणूनच मुंबईत स्थापन झालेल्या जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने अवघ्या एकवीस वर्षांच्या या तरुणावर मानद चिटणीसपदाची धुरा सोपविली.

पहिलेच काम अवघड होते. शत्रुंजय तीर्थाच्या यात्रेकरूंवर पालिताणा संस्थान कर आकारीत असे. दर माणशी कर म्हटला की यात्रेकरूंची मोजदाद आली, अडवणूक आली आणि रोजची बाचाबाची आली. दर्शनाला निघालेल्या भाविकाला पायथ्याशीच मनस्ताप होई. वीरचंदभाईंनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे जैनांची बाजू मांडली आणि १८८६ मध्ये तडजोड घडून आली. दर माणशी कर रद्द झाला व त्याऐवजी जैन समाजाने संस्थानाला दरसाल १५,००० रुपये ठोक द्यावेत, असा ४० वर्षांचा करार ठरला. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ४० वर्षांची ही रक्कम ६ लाख रुपये होते. परंतु या रकमेच्या मोबदल्यात संस्थानाला निश्चित उत्पन्न मिळाले आणि यात्रेकरूंना निर्वेध वाट मिळाली. दोन्ही पक्षांना समाधानाने उठता येईल असा हा सौदा होता. त्याचे मोल पुढे अधिक कळले. १९२६ मध्ये मुदत संपताच वाद पुन्हा पेटला, जैनांनी शत्रुंजयाची यात्राच बंद ठेवली आणि १९२८ मध्ये दरसाल ६०,००० रुपयांचा नवा करार झाल्यावरच ती पूर्ववत सुरू झाली.

दुसरा प्रसंग सम्मेदशिखरजीचा. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. त्या पवित्र पहाडावर बोडॅम नावाच्या एका इंग्रजाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना काढला. त्या गृहस्थाच्या लेखी तो पहाड म्हणजे पट्ट्याने घेतलेली जमीन होती आणि कारखाना हा एक धंदा होता. जैनांच्या लेखी त्या पहाडाचा प्रत्येक खडा वंदनीय होता. खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला. वीरचंदभाई कलकत्त्याला गेले. जुनी कागदपत्रे बंगालीत असल्याचे दिसताच दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून न राहता ते स्वतः बंगाली शिकले, दस्तऐवज वाचले आणि त्यांच्या आधारे अपिलाचा पाया रचला. अपिलात जैनांची सरशी झाली आणि तो कारखाना बंद पडला. आपली श्रद्धा समोरच्याच्या भाषेत आणि त्याला मान्य असलेल्या पुराव्यानिशी मांडता आली पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा येथेच स्पष्ट दिसतो.

याच सुमारास विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधी मुंबईत नशीब अजमावीत होते. वीरचंदभाईंशी त्यांचा स्नेह जडला व आहाराचे काही प्रयोग दोघांनी मिळून केले. पुढे महात्माजींनी आपल्या आत्मकथेत वीरचंदभाईंचा उल्लेख केला आहे. योगायोग असा की १८९३ या एकाच वर्षी एक गांधी दक्षिण आफ्रिकेला गेले आणि दुसरे गांधी अमेरिकेला.

अमेरिकेचे निमित्त होते शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे. परिषदेचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी म्हणजेच पूज्य आत्मारामजी महाराज यांना आले होते. परंतु जैन साधूने पायीच विहार करावा, वाहनात बसू नये, हा आपला आचार. समुद्रप्रवास संभवतच नव्हता. आचार्यश्रींनी साधुधर्माची मर्यादा मोडली नाही आणि निमंत्रणही वाया जाऊ दिले नाही. त्यांनी वीरचंदभाईंना आपल्याजवळ ठेवून शास्त्राभ्यास करविला आणि आपला प्रतिनिधी म्हणून धाडले. परिषदेसाठी तयार केलेली प्रश्नोत्तरे पुढे ‘शिकागो प्रश्नोत्तर’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जे साधूला वर्ज्य ते श्रावकाला शक्य, हा विवेक आपल्या चतुर्विध संघाच्या रचनेतच आहे. आचार्यश्रींनी त्याचा किती दूरदृष्टीने उपयोग केला, हे पाहून मन नतमस्तक होते.

११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषदेस आरंभ झाला. वीरचंदभाईंचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे. स्वामी विवेकानंद आणि सिंहलद्वीपचे धर्मपाल यांच्यासमवेत व्यासपीठावर बसलेले त्यांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. डोक्यावर काठियावाडी पगडी असलेला हा तरुण उत्तम इंग्रजीत बोलू लागला, तेव्हा श्रोत्यांनी कान टवकारले. जैन हे नाव तेथील बहुतेकांनी पूर्वी ऐकलेलेही नव्हते. ज्यांना पुनर्जन्म, कर्म आणि सर्व प्राणिमात्रांतील जीव या कल्पनाच अपरिचित, त्यांच्यापुढे पारिभाषिक शब्दांची रास ओतून काय उपयोग? म्हणून त्यांनी तत्त्वज्ञान सोप्या पायऱ्यांनी उलगडून सांगितले. निरोपाच्या भाषणात अनेकान्ताचा सिद्धान्त सांगताना त्यांनी हत्ती आणि आंधळ्यांची आपल्याकडील कथा ऐकविली. ती समजण्यासाठी शास्त्री असण्याची गरज नव्हती.

परिषदेतील त्यांची एक कृती विशेष गौरवास पात्र आहे. लंडनहून आलेल्या एका पाद्रीसाहेबांनी हिंदू देवालयांतील स्त्रियांविषयी अनुदार उद्गार काढले. टीका जैनांवर नव्हती. वीरचंदभाई गप्प बसले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु आपल्या देशबांधवांचा अवमान हा आपलाच अवमान मानून त्यांनी, जैन धर्मावरील भाषणास प्रारंभ करण्यापूर्वी, त्या टीकेला सभ्य पण सडेतोड उत्तर दिले.

शिकागो म्हणजे त्या काळी अमेरिकेतील मांसव्यापाराची राजधानी. कत्तलीसाठी लक्षावधी जनावरे तेथील बाजारात येत. अशा शहरात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, हा गृहस्थ शुद्ध शाकाहारावर राहिला. निवडक भाजीपाला, दूध, धान्य यांवर भागविताना त्यांची किती गैरसोय झाली असेल, याची कल्पना आज शाकाहारी भोजन सहज मागवून विमानप्रवास करणाऱ्यांना येणार नाही. पण या आग्रहामुळे माणसे त्यांच्यापासून दुरावली नाहीत. बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांतून त्यांना आमंत्रणे आली. त्यांच्या व्याख्यानांची संख्या ५३५ सांगितली जाते. ज्याचा आचार आणि विचार एक आहे, त्याच्या शब्दावर परका माणूसही विश्वास ठेवतो. व्यापारात आपण यालाच पत म्हणतो.

दुर्दैवाने ही पत त्यांना घरी मात्र झगडून मिळवावी लागली. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला, अशी समजूत तेव्हा दृढ होती. महात्माजींनाही विलायतेस जाण्यापायी १८८८ मध्ये त्यांच्या ज्ञातीने वाळीत टाकले होते. वीरचंदभाईंच्या बाबतीतही समाजातील काहींनी त्यांना संघाबाहेर काढण्याची मागणी केली. अमेरिकेतून १८९४ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात स्वामी विवेकानंदांनी याविषयी खंत व्यक्त केली आहे. एवढ्या थंडीत शाकाहार न सोडता जो आपल्या धर्माची व देशाची बाजू निकराने मांडतो आहे, त्यालाच त्याची माणसे बहिष्कृत करू पाहतात, याचे त्यांना दुःख झाले. आचार्य आत्मारामजी महाराजांनी वीरचंदभाईंची ठाम पाठराखण केली आणि वादळ हळूहळू शमले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वीरचंदभाई रूढीचे आंधळे भक्त नव्हते. मृताच्या घरी ऊर बडवून आक्रोश करण्याची प्रथा हानिकारक आहे, असा निबंध त्यांनी १८८६ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि वडिलांच्या निधनप्रसंगी ती प्रथा स्वतःच्या घरात पाळली नाही. ज्यांनी धर्मासाठी परदेशी उपासमार सोसली, त्यांनीच घरातील घातक चाल मोडली. संस्कृतीतील मूळ धन कोणते आणि साचलेली धूळ कोणती, याचा निवाडा त्यांनी व्यापारी ज्या काळजीने माल पारखतो त्या काळजीने केला.

१८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी तेथे त्यांच्या प्रेरणेने संस्था स्थापन झाली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी तेथील लोकांकडून मक्याने भरलेले जहाज आणि सुमारे ४०,००० रुपये हिंदुस्थानात पाठविल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १८९९ मध्ये अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार परिषदेलाही ते हिंदुस्थानच्या वतीने उपस्थित होते. इंग्लंडमध्ये त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व व्याख्याने दिली. तेथील हर्बर्ट वॉरन या इंग्रज गृहस्थांनी त्यांच्या उपदेशाने जैन आचार स्वीकारला. याच वॉरन यांनी वीरचंदभाईंच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून १९१२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘पाश्चात्त्य वेशातील जैन धर्म’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय. उभी हयात कापडाच्या गाद्यावर गेल्यामुळे हे शीर्षक मला फार भावते. कपडा गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापाने बेतावा लागतो. पण कापडाचा पोत आणि सूत मात्र अस्सलच असावे लागते. वीरचंदभाईंनी भाषा, दृष्टान्त, मांडणी श्रोत्यांच्या मापाने बेतली. सूत मात्र महावीरांच्या वाणीचेच राहिले.

अखंड प्रवास आणि परिश्रम यांनी त्यांची प्रकृती खालावली. १९०१ मध्ये ते मुंबईस परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अठरा दिवस उरले होते. आज शिकागोजवळील बार्टलेट येथील जैन मंदिराच्या परिसरात त्यांचा पुतळा उभा आहे आणि २००२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. हयातीत ज्यांना पंगतीला बसू द्यावे की नाही याची चर्चा झाली, त्यांचा गौरव होण्यास एक शतक लागले.

आज आपली मुले-मुली अमेरिकेत शिकतात, आपले बांधव अँटवर्पला हिऱ्यांचा व्यापार करतात, नैरोबी आणि लेस्टरमध्ये आपली देरासरे आहेत. तेथून कोणी सुटीत घरी येतो, तेव्हा त्याच्या बोलण्यातील आणि पेहरावातील बदल आपल्याला चटकन खुपतो. त्याने परक्या देशात एकट्याने काय सांभाळले आहे, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. वीरचंदभाईंच्या समाजाकडून जे घडले ते आपल्या हातून घडू नये. उलट परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला, आत्मारामजी महाराजांनी वीरचंदभाईंना दिली तशी, ज्ञानाची शिदोरी आणि पाठीवर हात देऊन निरोप द्यावा. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत पाठशाळा, शिष्यवृत्त्या आणि साधर्मिक भक्तीची कार्ये निष्ठेने केली आहेत. पुढील पन्नास वर्षांत या कार्यात परमुलखी गेलेल्यांची आस्थेने विचारपूस करण्याचीही भर पडावी, हीच त्या पुण्यात्म्यास खरी श्रद्धांजली ठरेल.

वीरचंदभाईंच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन. जय जिनेन्द्र.